‘पाणी शांत हाय की’

उन्हाळी सुट्टी लागली की बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. ‘लाइफ जॅकेट समुद्रासाठी. आपल्या धरण-तलावात लाटाच नाहीत. पोहता येत असेल तर जॅकेट नुसतं जवळ ठेवा, वेळ आली तर घाला. लहान पोरांना मांडीवर धरा. जॅकेट असतील तर बोटीत दोन-चार जण जास्त बसले तरी चालतं.’ आमच्याच घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘लाटा नाहीत’. घटप्रभा नदीवरचं हिडकल धरण घ्या नाहीतर मलप्रभेवरचं नविलुतीर्थ, एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. त्यात एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. चारला कडक ऊन आणि पाचच्या आत धुळीचा लोट, मागोमाग वीज. गडगडाट कानावर आला की काठ गाठायचा, कारण विजेपुढे जॅकेट काही कामाचं नाही. शिवाय गोड्या पाण्यात माणूस खाऱ्या पाण्यापेक्षा थोडा कमीच तरंगतो, त्यामुळे मेसेजचा तर्क मुळातच उलटा.

पोहणाऱ्याचं म्हणाल, तर विहिरीत सूर मारणारा तयारीने मारतो. बोटीतून पडणारा अंगावरच्या जीन्स-बुटांसकट पडतो, कधी बोटीची कड डोक्याला लागून पडतो. बरोबरचा घाबरून गळ्याला मिठी मारतो, ते वेगळंच.

‘वेळ आली तर घाला’ हे सगळ्यात घातक. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालून बघा एकदा, काठाजवळ, कुणीतरी सोबत असताना. ते वर पळतं, पट्टे हाताला गुंडाळतात, बक्कल सापडत नाही. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतही नाही, श्वास घेण्यातच त्याची ताकद संपते.

मांडीवरच्या पोराबद्दल माझा अनुभव. गेल्या मेमध्ये आमच्या भागातल्या एका जलाशयावर पाच वर्षांच्या भाच्याला मोठ्या माणसाचं जॅकेट मिळालं. बक्कल लावून खांद्याकडून वर उचललं, तर जॅकेट पार कानांपर्यंत चढलं आणि हनुवटी आत गेली. पाण्यात तो खालून निसटलाच असता. लहान मुलांचं जॅकेट त्यांच्या मापाचं आणि दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं लागतं. नावाडी म्हणाला, “छोटं नाही ओ, मांडीवर घ्या की. पाणी शांत हाय.” बोट उलटली तर आईचे हात स्वतःला सावरायला जातात, हे त्याला कोण सांगणार?

जादा माणसांचं थोडक्यात सांगतो. 21 जानेवारी 2019 ला कारवारजवळ कूर्मगड बेटावरच्या जत्रेहून परतणारी गर्दीची बोट उलटली, 16 जण गेले. ती समुद्रातली, मान्य. पण भार वाढला की बोटीची कड पाण्याजवळ येते, आणि फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की तलावातली बोटही तशीच कलते.

आम्ही त्या दिवशी उतरलो. भाच्याने रडून गोंधळ घातला, शेवटी बर्फाच्या गोळ्यावर समजूत निघाली.