मडकंभर चीज मागणारा ‘भोगवादी’

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘खा, प्या, मजा करा, उद्या मरायचंच आहे, असं ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस सांगून गेला. पाश्चात्त्य भोगवाद तिथूनच आला. तो नास्तिक होता आणि नीतीशी त्याला देणंघेणं नव्हतं.’

आधी ते वाक्य. ते बायबलातलं आहे: यशयाच्या ग्रंथात आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात. दोन्हीकडे ते निषेधाच्या सुरात येतं. एपिक्युरसच्या (इ.स.पू. ३४१–२७०) उपलब्ध लिखाणात ते नाही.

सुख हेच ध्येय असं तो मानायचा, हे खरं. पण सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मनाला घोर नसणं, असा खुलासा त्याने मेनोइसिअसला लिहिलेल्या पत्रात केलाय. सततची दारू, मेजवान्या, मासे यांनी आयुष्य सुखाचं होत नाही, हेही तिथेच आहे. (मासे वाचून कोकणातला माणूस हिरमुसणार, त्याला इलाज नाही.) तहानेला पाणी ही गरजेची इच्छा, पंचपक्वान्नं नैसर्गिक, पण नसली तरी चालतात, आणि आपले पुतळे उभे राहावेत ही इच्छा निव्वळ पोकळ, अशी त्याच्या पंथाची प्रतवारी होती. ‘मडकंभर चीज पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा चैन करता येईल,’ असं त्याने मित्राला लिहिल्याचं तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक डायोजिनिस लार्शिअस नोंदवतो. असल्या माणसाची बदनामी केली ती पंथ सोडून गेलेल्या टिमोक्रेटिसने: म्हणे हा चंगळीपायी दिवसातून दोनदा ओकतो! आपल्याकडे चार्वाकाची गत वेगळी नाही. त्याचं कर्ज काढून तूप पिणं आपल्याला ठाऊक झालं ते ‘सर्वदर्शनसंग्रह’ या वेदान्ती पंडिताच्या ग्रंथातून, म्हणजे प्रतिपक्षाच्या तोंडून.

नास्तिक? देव आहेत, असंच एपिक्युरस म्हणायचा. फक्त ते आपल्या भानगडीत पडत नाहीत.

राहिली नीती. सुज्ञपणे, सचोटीने आणि न्यायाने वागल्याशिवाय सुखाने जगता येत नाही, हे त्याच्या मुख्य सूत्रांपैकी एक. मात्र न्याय त्याच्या लेखी एकमेकांना इजा न करण्याचा करार. मग चोरून करार मोडला तर? मरेपर्यंत पकडलं जाण्याची धास्ती राहते आणि ती सुख लागू देत नाही, हे त्याचं उत्तर. मला ते लंगडं वाटतं. निर्ढावलेल्याला कसली आलीय धास्ती? मजकूर लिहिणाऱ्याने एवढंच विचारलं असतं, तर मी निमूट मान डोलावली असती.