लघवी दाबली म्हणून ती उलटी किडनीत चढत नाही

लघवी पाच मिनिटं दाबली तरी ती उलटी किडनीत चढते, तिच्यातलं विष रक्तात मिसळतं, आणखी दाबली तर मूत्राशय फुटतो, एक नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ असाच गेला. म्हणून लागो न लागो, दर तासाला जाऊन या. अशा आशयाचा फॉरवर्ड तुम्हालाही कुणीतरी हात जोडलेल्या इमोजीसह पाठवला असेल. त्यातल्या भीतीपेक्षा उपाय मला जास्त खटकतो, पण क्रमाने घेऊ.

उलटी चढण्याचं आधी. किडनीतून मूत्राशयाकडे येणारी मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, आणि ती नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असतात. दर मिनिटाला एक-दोन तरी आकुंचनाच्या लाटा वरून खाली जातात आणि लघवी पुढे ढकलतात. आपण आडवे पडलेलो असलो तरी हे काम चालूच असतं. ही नळी मूत्राशयात सरळ शिरत नाही. ती भिंतीतून तिरकी जाते, काही अंतर भिंतीच्या आतूनच चालते आणि मग उघडते. मूत्राशय भरू लागला की आतल्या दाबाने हाच तिरका भाग चेपला जातो. म्हणजे मूत्राशय जितका भरलेला, तितकी परतीची वाट जास्त घट्ट बंद. फॉरवर्डमध्ये नेमकं उलटं लिहिलंय.

याला अपवाद आहेत. काही बाळांमध्ये हा तिरका भाग जन्मतःच आखूड असतो, लघवी खरोखर वर जाते आणि मुलाला पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होऊन ताप येतो. मोठेपणी प्रोस्टेटमुळे लघवीची वाट बरेच महिने अडलेली राहिली तर मूत्राशयातला दाब वाढून किडन्या सुजू शकतात. हे आजार आहेत, त्यांची तपासणी आणि उपचार होतात. मीटिंग संपेपर्यंत थांबलेल्या माणसाशी त्यांचा संबंध नाही.

‘विष रक्तात मिसळतं’ हा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. उरते ती एक ते दोन लिटर लघवी. परत घेण्याचं काम किडनीतच होतं. मूत्राशयाचं आतलं अस्तर शरीरातल्या सर्वात अभेद्य पडद्यांपैकी एक आहे. लघवी साठवायची तर ते तसंच असायला हवं.

आता फुटण्याबद्दल. इथे जरा थांबू, कारण मूत्राशय काम कसं करतो हे कळलं की ही भीती आपोआप निवळते. रिकामा मूत्राशय घड्या पडून बसलेला असतो. लघवी येऊ लागते तशा घड्या उलगडतात, भिंतीतला स्नायू सैल होत जातो, आणि साठा कितीतरी वाढला तरी आतला दाब फारसा वाढत नाही. त्या स्नायूला सैल राहा आणि मूत्राशयाच्या तोंडाला आवळून राहा, असे दोन्ही निरोप कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघालेल्या नसा एकाच वेळी देत असतात. साधारण १५० ते २०० मिलिलिटरला पहिली जाणीव होते. मोठ्या माणसाचा मूत्राशय ४०० ते ५०० मिलिलिटर आरामात धरतो. जाणीव लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा ओसरतेही. म्हणजे पहिली जाणीव ही धोक्याची घंटा नाही, साठा किती झाला याची ती बातमी आहे.

सोडण्याचा हुकूम मेंदूच्या खोडातून येतो. ब्रिटिश संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ही जागा दाखवली. पण हे केंद्र एकटं निर्णय घेत नाही. आत्ता जायला हरकत नाही असं मेंदूच्या पुढच्या भागाने ठरवावं लागतं. परवानगी मिळाली की आधी बाहेरचा, आपल्या ताब्यातला गोल स्नायू सैल पडतो आणि मग मूत्राशय आकसतो. जोर लावायचा नसतोच. (२०१४ च्या एका अभ्यासात तीन किलोहून जड सस्तन प्राण्यांना, मग तो कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामा करायला सरासरी २१ सेकंदांच्या आसपास लागतात असं दिसलं. कुंथत बसणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

निरोगी माणसाने कितीही हट्ट केला तरी एका मर्यादेनंतर बाहेरचा स्नायू हार मानतो आणि कपडे ओले होतात. फुटण्याची वेळ त्याआधी येत नाही. मूत्राशय फुटतो तो बहुधा अपघातात, भरलेला असताना ओटीपोटावर जबर मार बसला किंवा कमरेचं हाड मोडलं तर. क्वचित दारूच्या नशेत जाणीवच न राहिलेल्या माणसाचा, किंवा आधीच आजारी असलेला.

तो खगोलशास्त्रज्ञ म्हणजे टायको ब्राहे. ऑक्टोबर १६०१ मध्ये प्रागमधल्या एका मेजवानीत शिष्टाचारापायी ते उठले नाहीत, घरी आल्यावर लघवी होईना, आणि ११ दिवसांनी ते गेले. त्यांचे सहकारी केप्लर यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनात लघवी अडल्याचं आहे, तीव्र वेदनांसह थोडी थोडी झाल्याचं आहे. मूत्राशय फुटल्याचं नाही. पुढे पाऱ्याच्या विषबाधेचीही बरीच चर्चा झाली. २०१० मध्ये अवशेष पुन्हा बाहेर काढून तपासले, तेव्हा तो संशयही फिटला.

राहिला उपाय. दर तासाला जाणं निरोगी माणसासाठी चुकीची सवय आहे. दिवसाला साधारण सहा ते आठ वेळा जावं लागणं हे सर्वसामान्य. न लागताच वारंवार गेलं की मूत्राशयाला थोड्या साठ्यावरच निरोप पाठवायची सवय लागते आणि मग खरोखरच घाई होऊ लागते. सतत घाईची तक्रार असलेल्यांना डॉक्टर जे शिकवतात ते याच्या बरोबर उलट असतं: दोन वेळांमधलं अंतर थोडं थोडं वाढवत तीन-चार तासांवर न्यायचं. गरोदर बाई किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस वारंवार जाईल, ते वेगळं.

तासन्‌तास दाबणं हा रोजचा शिरस्ता झाला असेल तर तो मोडायला हवा, इतकं मात्र या फॉरवर्डच्या बाजूने म्हणता येईल. लघवीचा प्रवाह जंतू धुऊन काढतो; तो फार वेळ अडवला आणि शेवटी घाईघाईत अर्धवट मोकळं झालं, तर इन्फेक्शनला वाव मिळतो. लहान मुलांत दाबायची सवय आणि बद्धकोष्ठ बऱ्याचदा जोडीने दिसतात. जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणारे तर दुहेरी नुकसान करून घेतात.

पण ज्याला खरोखर भ्यायला हवं ते फॉरवर्डमध्ये नाहीच: लघवी तुंबणं. इथे माणूस दाबत नसतो, त्याला जायचं असतं आणि होत नसतं. ओटीपोट टम्म फुगतं, कळा येतात, बाहेर येतात ते थेंब. वाढलेलं प्रोस्टेट, सर्दीची काही औषधं, ऑपरेशननंतरचे दिवस, मज्जारज्जूवरचा दाब अशी कारणं असतात. पाठदुखीसोबत लघवी अडली आणि मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. नुसती तुंबली असेल तरी त्याच दिवशी कॅथेटर घालून ती मोकळी करावी लागते. जास्त पाणी पिऊन ती सुटत नाही, दुखणं मात्र वाढतं.