मोठं चेंबर टाकलं की इंजिन सेफ? असं नसतं हो

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर मोठं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा (ऑइल संप), बसवा, दोन लिटर ऑइल जास्त मावतं, त्याने प्रेशर वाढतं, ऑइल थंड राहतं, बेरिंग कधीच जात नाही, आणि कुठलाही वेल्डिंगवाला दोन तासांत करून देतो. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकी नुसती हवा.

आधी प्रेशर. चेंबरमध्ये ऑइल किती आहे याचा प्रेशरशी संबंधच नाही. पंप किती फ्लो देतो, बेरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे फट, किती, ऑइल किती पातळ झालंय, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कुठे उघडतो, सगळा खेळ यावर. पिकअप, म्हणजे पंपाची ऑइल ओढणारी नळी, बुडालेला आहे तोवर खाली चार लिटर असो नाहीतर आठ, गेजचा काटा हलत नाही.

आता कोणी म्हणेल, अहो पिकअप बुडालेला राहावा म्हणूनच तर मोठं चेंबर! बरोबर, बेरिंग जात नाही या वाक्यातला हाच तो अर्धा खरा भाग. पण चांगल्या टायरवर गाडी १ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्याच जोराने बाजूला फेकत, वळली की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशात कलतो, तिरक्या ताटातली आमटी एका काठाला जाते तसं, आणि आत भिंती नसतील तर तुमचे जास्तीचे दोन लिटरही त्याच काठाला जाऊन बसणार, लांबलचक कॉर्नर असेल तर पिकअप हवा ओढणार, आणि बेरिंगवरची ऑइलची फिल्म तुटली की बेरिंग गेलंच. खरं काम करतात बॅफल, म्हणजे आतल्या आडव्या-उभ्या भिंती, आणि पिकअपभोवतीची ती छोटी झुलती दारं, जी ऑइल आत येऊ देतात पण बाहेर पळू देत नाहीत. नुसत्या मोठ्या डब्यापेक्षा नीट बॅफल केलेलं स्टॉक चेंबर मी कधीही घेईन.

फॉरवर्डमध्ये उदाहरण निसान स्कायलाइन जीटी-आरचं दिलंय. १९८९च्या आर३२पासून २००२ला बंद झालेल्या आर३४पर्यंत त्यात आरबी२६ इंजिन, आणि त्याला मोठं चेंबर लावतात हे खरंय. पण का लावतात ते कोण सांगणार? जास्त आरपीएमला पंप हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, ऑइल ढकलत राहतो आणि ते खाली यायला मागत नाही, कारण त्याच ड्रेनच्या वाटेने खालून ब्लो-बायचा, म्हणजे पिस्टनच्या बाजूने गळलेला, गॅस वर येत असतो. ऑइल वर अडकलेलं, चेंबर कोरडं. मोठ्या चेंबरने इथे फक्त थोडा वेळ मिळतो, म्हणून लोक हेडच्या फीडला रिस्ट्रिक्टर, म्हणजे बारीक भोकाचा अडथळा, घालतात, हेडच्या मागून चेंबरपर्यंत वेगळी ड्रेन लाइन काढतात. शिवाय सुरुवातीच्या आर३२मध्ये क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, पंप फिरवणारा भागच अरुंद, तिथे पंपाचा गिअर तडकला तर खाली बादलीभर ऑइल असून काय करायचंय?

थंड राहतं म्हणे. हिशोब करा: दोन लिटर ऑइल म्हणजे साधारण १.७ किलो, ते १०० वरून १३० अंशांवर न्यायला सुमारे १०० किलोज्यूल लागतात. समजा कूलिंगला न झेपणारी ५ किलोवॅट उष्णता ऑइलमध्ये जातेय, तर तुम्ही कमावले २० सेकंद. मोठ्या चेंबरचा पत्रा थोडी जास्त हवा खातो, तेवढाच फायदा. लॅपमागून लॅप मारायचे तर ऑइल कूलरच लागतो.

काही जण तर चेंबर न बदलता स्टॉकमध्येच लिटरभर जास्त ओततात, तो प्रकार सर्वात वाईट. क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, पंप तो फेस ओढतो.

आणि दोन तासांचं वेल्डिंग. खाली खोल केलेलं चेंबर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर पहिल्याच आठवड्यात घासेल, म्हणून बाजूला वाढवणं बरं. खोल केलंच तर पिकअपही लांब करावा लागतो, नाहीतर खालचं ऑइल नुसतं पडून. पिकअपखाली क्ले चिकटवायची, पॅकिंगसकट चेंबर लावायचं, काढायचं, दबलेली क्ले मोजायची, म्हणजे पिकअप आणि तळातली फट कळते. अॅल्युमिनियमचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला बसणारी कड, वेल्डच्या उष्णतेने वाकडा होतो, तो सरळ पट्टी ठेवून बघायचा. मग वेल्डला बाहेरून खडू फासून आत रात्रभर रॉकेल (मिळालं तर!) भरून ठेवायचं, सकाळी खडू जिथे ओला दिसेल तिथे परत वेल्ड.