कुंडी, कोरफड आणि जेपर्डी

आषाढातल्या एका दुपारी आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून एक कुंडी निसटली आणि थेट अध्यक्षांच्या स्कूटरवर आली. मातीची कुंडी, तुकडे पार गेटपर्यंत उडाले. कोरफड मात्र मुळं-मातीसकट सीटवर अशी ताठ बसली होती, की आता किक मारून निघेलच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पाचच मिनिटांपूर्वी त्याच सीटवर बसून अध्यक्ष फोनवर बोलत होते. त्यामुळे कुंड्यांबद्दलच्या माझ्या तीन पत्रांना वर्षभर दाद न देणाऱ्या अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी मीटिंग लावली.

ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्यांना नोटीस द्यायची, हे एका मिनिटात ठरलं. सोसायटी पुण्यातली, पण चाळीस फ्लॅटांत आता चेन्नईचे आहेत, कोलकात्याचे आहेत, आयटीतली भाडेकरू पोरं आहेत. म्हणून नोटीस इंग्रजीत. आणि इंग्रजीत म्हणजे सेक्रेटरीनं, म्हणजे मी. बँकेतली तीस वर्षं मी 'काइंडली डू द नीडफुल'वर काढली. कुणाचा जीव इंग्रजीत धोक्यात घालायची वेळ कधी आली नव्हती.

मराठीत सोय असते. 'जिवावर बेतलं' म्हटलं की झालं, कुणी बेतलं ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत कोण कुणाला कशात घालतंय ते आधी ठरवा, मग त्याला साजेसं क्रियापद शोधा.

मी पहिला मसुदा 'एन्डेंजर' घालून वाचला. आमचे खजिनदार मूळचे सोलापूरचे. ते म्हणाले, "एन्डेंजर्ड म्हणजे आमच्या नान्नजचा माळढोक. संख्या कमी होत चाललेल्यांना म्हणतात ते. आपल्याकडं कोण कमी झालंय? उलट फ्लॅटमागे दोन-दोन गाड्या झाल्यात." शिवाय 'डेंजर'ला आता कोण घाबरतं? मिसळ डेंजर असते, कुणाचा तरी मेहुणा डेंजर असतो. विजेच्या डीपीवरची कवटी तेवढी अजून जुन्या अर्थाला धरून आहे.

मग 'रिस्क'. सोपा, घरगुती शब्द. पण पार्किंगमध्ये खुद्द अध्यक्षांनीच पाटी लावून घेतली आहे: 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क'. कोरफड बरोबर तिच्याखाली पडली होती. कुंडीवाल्या काकूंनी नुसतं बोट वर केलं असतं, तरी आमचा खटला तिथंच निकालात निघाला असता. 'रिस्क' रद्द.

'हॅझर्ड' म्हटल्यावर बी-विंगच्या वहिनी म्हणाल्या, "ते गाडीचे चार दिवे ना? चौकात सरळ जायचं असलं की लावतात ते?" मी गप्प बसलो, कारण मीही तेवढ्यासाठीच लावतो.

'इम्पेरिल' मी फार आशेनं काढला होता. भारदस्त वाटतो. तर ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मला रॅमिप्रिल आहे. इम्पेरिल नवीन आलंय का? खोकला होतो का त्यानं?" यावर मीटिंगमधले निम्मे लोक बीपीवर बोलायला लागले. कुंडीपर्यंत परत यायला वीस मिनिटं गेली.

मग 'जेपर्डाइज'. हा मी चाळीस वर्षं 'जिओपार्डाइज' असा वाचत आलो आहे. आयटीतल्या पोरानं सांगितलं, "काका, लेपर्ड तसं जेपर्डी." म्हणजे बिबट्याची चुलतबहीण. जुन्नरच्या उसातून एकदा लेपर्ड बाहेर आला की पाठोपाठ जेपर्डी आलीच, असं मी लक्षात ठेवलं. शेवटी एस की झेड यावर दोन तट पडले आणि मीटिंग तहकूब झाली.

रात्री मी डिक्शनरी घेऊन बसलो. जेपर्डीचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, अर्थ बरोबरीत चाललेला डाव: जिंकू की हरू, सांगता येत नाही असा. हॅझर्ड तर मुळात फाशांचा खेळ. म्हणजे डाव मांडून झाला, फासेही टाकून झाले. आपण 'पणाला लावणं' म्हणतो ते काही वेगळं नाही. साहेबाकडेही धर्मराज होऊन गेलेले दिसतात. आणि 'डेंजर' निघाला धनी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे पूर्वी त्याच्या मुठीत असणं. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला, "झाली का नोटीस?" आणि मला ही व्युत्पत्ती तंतोतंत पटली.

दुसऱ्या दिवशी वकील सभासदांनी सरळ कायद्याचं कलम घालायला सांगितलं. पूर्वीचं १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं ३३६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १२५. हयगयीनं दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड पूर्वी २५० रुपयांपर्यंत होता, आता २,५०० पर्यंत. १८६० पासून जिवाच्या किमतीत एक शून्य वाढलंय. खजिनदार म्हणाले, "स्कूटरच्या सीटलाच अठराशे लागले." कलमही बारगळलं.

अखेर मी नोटीस लावली ती अशी, की कुंड्यांमुळे 'सेफ्टी ऑफ मेंबर्स इज कॉम्प्रोमाइज्ड'. चूक व्याकरणात नव्हती, आमच्यात होती. कॉम्प्रोमाइज म्हणजे तडजोड, हे आपल्याकडे पोरसोरही सांगेल. संध्याकाळी खुद्द कुंडीवाल्या काकू पेढे घेऊन दारात. "बरं केलंत हो सेक्रेटरी. मिटवलंत ना? मला मेलीला उगाच धाकधूक." पेढा तोंडात घातल्यावर 'धोक्यात आलीय' हा खरा अर्थ कसा सांगणार? त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रिलमध्ये दोन कुंड्या वाढल्या. एकीत जास्वंद.

वॉचमन हे सगळं आठवडाभर बघत होता. त्यानं कुणालाही न विचारता पाण्याच्या वेळांचा फळा पुसला आणि खडूनं लिहिलं: 'वरून कुंडी पडते. वर बघून चालणे.'

एकाही सभासदानं त्याला अर्थ विचारला नाही. चेन्नईवाल्यांच्या पोरानं त्यांना वाचून दाखवलं, कोलकातावाल्यांना बाकीच्यांच्या माना बघूनच कळलं. चार दिवस अख्खी सोसायटी माना वर करून चालत होती. अध्यक्ष तर स्कूटरवर बसतानाही वरच बघायचे.

पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलींचा अर्ज आला, इंग्रजीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या गॅलरीत बघतो, त्यामुळे 'अवर प्रायव्हसी इज कॉम्प्रोमाइज्ड'.

मी तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला. ज्येष्ठ सभासदांनी समाधानानं मान डोलावली. "चला," ते म्हणाले, "तिथंही मिटलं."