टेन्शनची गोळी, झोपेची गोळी सगळी एकच? नाही ओ, अजिबात नाही

गेले काही दिवस आपल्या खानापूर-बेळगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की टेन्शनच्या, झोपेच्या गोळ्या म्हणजे नुसती गुंगी, नावं वेगळी माल एकच, एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून आजच फेका, दोन दिवसात विष उतरतं, आणि अगदीच झोप नाही आली तर घरात कुणाची असेल त्यातली अर्धी घ्या, अर्धीनं काय होत नाही. मी वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे, हे वाचून गप्प बसवेना.

माल एकच, हे साफ चूक. इकडं डॉक्टर कन्नडमधून 'निद्दी गुळगी' म्हणतात, आपण झोपेची गोळी म्हणतो आणि त्या एका नावाखाली चार-पाच जातीची औषधं खपतात. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन, थोडक्यात बेंझो, मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात, तासाभरात फरक कळतो. त्यातही अल्प्राझोलाम साधारण 11 तासात निम्मं उतरतं, डायझेपाम मात्र कित्येक दिवस अंगात रेंगाळतं. झोल्पिडेम फक्त झोपेसाठी, तेही अंथरुणावर पडतानाच घ्यायचं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या सिरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावरच्या गोळ्या, गुंगी आणणं हे त्यांचं कामच नाही, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात म्हणून लोक चार दिवसात "काय उपयोग नाही ओ" म्हणून सोडतात. आणि प्रोप्रानोलोल तर हृदयाची, बीपीची गोळी, छातीतली धडधड, हाताची थरथर कमी करते, दमेकऱ्याला चालत नाही.

आता अर्धी. झोल्पिडेमचा बायकांसाठीचा सुरुवातीचा डोस अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2013 मध्ये 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला, म्हणजे 10 ची अर्धी गोळी हाच एखादीचा पूर्ण डोस झाला की! वर दारू असली किंवा दुखण्यावरची ट्रामाडोल चालू असली तर श्वास मंदावतो. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठतात आणि तोल जाऊन पडतात, खुबा मोडतो.

सुटत नाही, यात अर्धं खरं आहे. बेंझोची सवय लागते, एफडीएनं 2020 मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडं अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम शेड्यूल एच-1 या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि पेशंटचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं. पण सर्ट्रालिनसारख्या गोळीची तशी तलफ येत नाही. आणि बेंझोसुद्धा सुटते, फक्त एका दिवसात नाही.

म्हणून मला 'आजच फेका' याची सगळ्यात भीती वाटते. मागच्या आठवड्यात एक मावशी आल्या, पदराच्या गाठीत अल्प्राझोलामची रिकामी स्ट्रीप. कित्येक वर्षं रोज घेत होत्या. मी विचारलं, "मावशी, कधीपासून बंद केलासा?" "चार दिस झाले रे पोरा, मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं, तवापासून डोळ्याला डोळा लागना." हात एवढा थरथरत होता की स्ट्रीप काउंटरवर ठेवताना खडखड वाजली. वर्षानुवर्षं घेतलेली बेंझो एकदम तोडली की घाम, धडधड, कुणाला तर फिट येते, जीवावर बेतू शकतं. सिरोटोनिनची गोळी एकदम सोडली तरी चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. दोन्ही डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायच्या, बेंझोला कधी कधी महिने लागतात.

मावशींना तिथूनच रिक्षात बसवून त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. संध्याकाळी नवी चिठ्ठी घेऊन आल्या, डोस टप्प्याटप्प्यानं कमी करायचा होता. चिठ्ठी इंग्रजीत, डॉक्टर बोलले कन्नडमधून, मावशींना येते फक्त मराठी. पाकिटावर मी पेनानं चंद्र काढून दिले, या आठवड्यात पूर्ण चंद्र, पुढं डॉक्टरांनी लिहिलंय त्या तारखेपासून अर्धा.