राजवाड्याची मागची बाजू

आमच्या बैठकीच्या भिंतीवर पोपटांची एक जोडी टांगलेली आहे. क्रॉस स्टिचमध्ये, म्हणजे फुलीच्या टाक्याने भरलेली, फ्रेम केलेली. घरी आलेला पाहुणा आधी पोपटांकडे बघतो, मग बायकोकडे, आणि म्हणतो, "वहिनी, काय हात आहे हो तुमचा!" पूर्वी ती खरं काय ते सांगायची. हल्ली नुसती हसते आणि पोह्यांवर शेव घालायला आत जाते. तिच्या हातात मी सुई पाहिली आहे ती फक्त माझ्या तळपायातला काटा काढताना, आणि तेव्हाही तिचा ओढा भरतकामापेक्षा खोदकामाकडे दिसला.

पोपट माझे आहेत. हे कळलं की इंदूरच्या मराठी मंडळींचे दोन तट पडतात. पुरुष विचारतात, "पण याचं करायचं काय?" बायका काहीच विचारत नाहीत. त्या सरळ उठतात, फ्रेम भिंतीवरून उतरवतात, पालथी करतात आणि मागचा पुठ्ठा नखाने उचकटायला लागतात.

पुरुषांचं काही वाटत नाही. तेच गृहस्थ रात्री बारा वाजता सराफ्यात उभे राहून गरम जिलबी खातात, तेव्हा "याचं करायचं काय" असं मी त्यांना विचारत नाही. पण त्या नखांची मला धास्ती आहे. क्रॉस स्टिचमध्ये माझी जी काही प्रगती झाली, ती सगळी त्या नखांच्या भीतीने झाली.

माझी अख्खी नोकरी लेखा विभागात गेली. त्यामुळे क्रॉस स्टिचचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा परक्या गावात शेजारी भेटावा तसा आनंद झाला. चौकटीच चौकटी, दर दहावी रेघ जाड, प्रत्येक चौकटीत एक खूण आणि बाजूला कोणत्या खुणेला कोणत्या नंबरचा दोरा याचं खातं. कापडही चौकटींचंच, त्याला आयडा म्हणतात. एका घरात एक फुली. प्रतिभेला कुठेही वाव नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी हत्ती काढला की सर त्याला ढग समजून गुण द्यायचे. अशा माणसाला याहून सोयीची कला दुसरी नाही.

खरी कसोटी दुकानात लागते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत लेस, बटणं, टिकल्या, फॉल अशा मालाची दुकानं आहेत. तिथे शिरलो की पोरगा माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघतो. मागे कोणी नाही हे पाहून विचारतो, "आंटीजी ने क्या मँगाया है, अंकल?" मी सांगतो, आयडा कापड, चौदा काउंट, पांढरं. तो म्हणतो, "एक बार घर फ़ोन करके पूछ लो ना."

काउंट म्हणजे एका इंचात किती घरं. ११, १४, १६, १८ अशी कापडं येतात. आकडा वाढला की फुली लहान होते आणि चष्म्याचा नंबर वाढतो. साठीनंतर १४ च्या पुढे जाऊ नये. १८ चं कापड तरुणांसाठी आणि हट्टी लोकांसाठी आहे. आयडा संपलेलं असलं की पोरगा मॅटीचं कापड पुढे करतो आणि म्हणतो, "वही है भिया, बस नाम अलग है." कधी तेच असतं, कधी नसतं. म्हणून मी खिशात पट्टी ठेवतो. दुकानातच आडव्या इंचातली घरं मोजायची, मग उभ्या इंचातली. दोन्ही आकडे जुळले तरच घ्यायचं. नाहीतर भरलेला पोपट एकतर जाडा होतो, नाहीतर उंच. मी पट्टी काढली की इतर गिऱ्हाइकं सरकून जागा देतात. त्यांना वाटतं, महापालिकेतून कोणी आलंय.

मग दोरे. नकाशे बहुतेक डीएमसीच्या नंबरांचे असतात. फ्रान्समधली १७४६ सालची कंपनी. तिच्या खात्यात काळ्या रंगाचा नंबर ३१०. गल्लीतल्या दुकानात सापडतो अँकर, आणि त्यांचा काळा ४०३. काळ्याचं निभावतं. तपकिरीची मात्र पंचाईत. दोन कंपन्यांच्या तपकिरी छटा जुळवणारे तक्ते मिळतात, पण ते पत्रिका जुळवण्याइतकेच भरवशाचे. खरं काय ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं. ट्यूबलाइटखाली तर ठरवूच नये. मी लड्या घेऊन रस्त्यावर उन्हात जातो आणि पोरगा मागोमाग येतो, मी पळून जाईन म्हणून.

तपकिरीचा हा सगळा खटाटोप राजवाड्यासाठी. पोपटांनंतर मी ठरवलं की होळकरांचा राजवाडा भरायचा. भाचा म्हणाला, "मामा, फोटो अ‍ॅपमध्ये टाका, आयता नकाशा मिळेल." टाकला. अ‍ॅपने ऐंशीहून जास्त रंग काढले, त्यातले निम्मे तपकिरी, आणि ते असे विखुरलेले की इथे एक फुली, तिथे एक फुली, आणि प्रत्येक फुलीला सुई नव्याने ओवायची. एका कबुतरालाच अ‍ॅपने सात रंग दिले होते. राजवाड्यासमोरच्या कबुतरांवर इतका खर्च होळकरांनीही केला नसता.

मग आलेखाच्या कागदावर मीच नकाशा काढला. इमारत सात मजली: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. एका मजल्याला २८ घरं धरली. साती अठ्ठावीस एकशे शहाण्णव. १४ काउंटवर १९६ म्हणजे बरोबर १४ इंच, आणि रुंदी १४० घरं, म्हणजे १० इंच. हिशेब असा नि:शेष सुटला की रात्री मला झोप येईना. एकूण घरं २७,४४०. आभाळाची वजा केली. आभाळ भरायचंच नाही, कापड मोकळं सोडायचं. ही युक्ती नवशिक्याला कोणी सांगत नाही, आणि तो बिचारा वर्षभर निळं भरत बसतो.

भरायला घेण्याआधी कापडाची चार पदरी घडी घालून मध्य काढायचा आणि दर दहा घरांवर फिक्या रंगाच्या एका पदराने लांब धावदोरा मारून ठेवायचा, म्हणजे कापडावरही नकाशासारख्याच जाड रेघा येतात. नंतर तो दोरा अलगद ओढून काढता येतो. या कामात एक संध्याकाळ जाते आणि पुढचे महिने वाचतात. राजवाडा दोन्ही बाजूंनी सारखा आहे. डावीकडची खिडकी एक घर सरकली तर उजवीकडची तिला आयुष्यभर टोमणे मारते.

मोजताना बोलायचं नाही, हा घरातला नियम. तो फोन करणाऱ्यांना कसा कळणार? एकदा तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर होतो, तेव्हा घंटी वाजली. पलीकडचा माणूस म्हणाला, बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होतंय, ओटीपी सांगा. इंदुरात वाढलेला मराठी माणूस बायकोशी मराठीत बोलतो, पण मोजतो हिंदीत. फोन कानाला लावून मी मोजतच होतो: "छब्बीस, सत्ताईस, अट्ठाईस." सहाच आकडे. त्याने ते मनोभावे लिहून घेतले असावेत, कारण थोड्या वेळाने तो काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, ग़लत बता रहा है." मी म्हटलं, "ग़लत कैसे होगा, तीन बार गिना है."

आता त्या नखांकडे वळतो. माझी आत्या धारवाडची. इरकली साडीवर कसुती भरण्यात तिचं आयुष्य गेलं. कसुतीत गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी असे टाके असतात. मेंथी म्हणजे आपली हीच फुली. कसुतीत गाठ मारत नाहीत, आणि गवंती नि मुर्गी तर सुलट-उलट सारख्याच दिसतात. अशा घरात वाढलेली बाई हिवाळ्यात आमच्याकडे आली. मी भरत असलेला राजवाडा पुढे केला. तिने समोरून पाहिलाच नाही. कापड ताणून धरणारी रिंग पालथी केली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "बंडू, समोर राजवाडा आहे, मागे धर्मशाळा आहे."

मी वाद घातला. मागची बाजू भिंतीकडे जाणार, तिचं काय एवढं! हे माझं मत आजही बरंचसं कायम आहे. मागून कापड आरशासारखं हवं असा हट्ट धरणाऱ्यांना समोरचं चित्र कधी दिसतच नाही. पण आत्याने मला खिडकीशी नेऊन कापड उजेडात धरलं. दोन खिडक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेमागून नेलेला गडद दोरा समोरून पांढऱ्यातून सरळ दिसत होता. शिवाय फ्रेमवाला कापड ताणतो तेव्हा मागची प्रत्येक गाठ पुढे फोडासारखी येते. म्हणजे निदान दोन बाबतीत तिचं बरोबर होतं, आणि दोन बाबतीत बरोबर असलेली आत्या चारही बाबतीत बरोबर असल्यासारखी वागते.

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच घ्यायचा; लांब घेतला की ओवायचा आळस वाचतो आणि गुंता सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. लडी आठ मीटरची आणि दोरा सहा पदरी. १४ च्या कापडावर त्यातले दोनच पदर लागतात. ते एकेक करून ओढून काढायचे आणि मग एकत्र करायचे. दोन्ही एकदम ओढले तर लगेच वळ पडून गुंततात. गाठीला पर्याय असा: एकच पदर दुप्पट लांबीचा घ्यायचा, दुमडायचा, दोन्ही टोकं नेढ्यात ओवायची. सुईच्या विरुद्ध बाजूला फासा राहतो. पहिला अर्धा टाका घालून सुई मागे आली की त्या फाशातून काढायची. ओढली की दोरा बसला, गाठ नाही. हे जमलं त्या दिवशी मी आत्याला चहा स्वतः करून दिला.

मग फुलीची दिशा. वरचा पाय सगळीकडे एकाच बाजूला झुकला पाहिजे, नाहीतर उजेड पडल्यावर तेवढाच तुकडा वेगळ्या रंगाचा वाटतो. रिंग अर्धं वळण देऊन, खालची कड वर येईल अशी फिरवली तर दिशा बदलत नाही. पाव वळण दिलं की बिघडली. मी ओळीने आधी सगळे अर्धे टाके घालत जातो आणि परत येताना फुल्या पूर्ण करतो. त्याने मागे सरळ उभ्या रेघा येतात, आणि त्या बघून आत्याच्या कपाळावरच्या आडव्या रेघा कमी होतात. एकेक फुली तिथल्या तिथे पूर्ण करण्याची पद्धतही आहे. पण त्यात मागची बाजू इतकी शिस्तीत येत नाही, आणि आमच्या घरात आता शिस्तीला महत्त्व आलं आहे.

दोन्ही पदर शेजारी शेजारी सपाट बसावेत म्हणून सुई खाली नेताना त्यांच्या मधून नेतात. याने वेळ दुप्पट लागतो, पण फुली भरदार दिसते. भरून भरून दोऱ्याला पीळ चढतो, तेव्हा रिंग पालथी धरून सुई सोडून द्यायची. ती गरगर फिरते आणि पीळ उतरतो. हे बघायला शेजारची मुलं येतात. बाकी कामात त्यांना रस नाही.

इंदुरात या छंदाला दोन स्थानिक अडचणी आहेत. पहिली पोहे. पोह्यांत हळद, वर जिरावण मसाला, त्यावर शेव, आणि आलेला माणूस त्याच बोटांनी विचारतो, "हाच का राजवाडा?" पांढऱ्या कापडावर हळद एकदा बसली की राजवाड्याच्या गच्चीवर कायमची वाळत पडते. म्हणून पोह्यांची बशी दिसली की मी रिंग काढून कापड पिशवीत घालतो. तशी रिंग रोजच काढून ठेवावी, कापडावर गोल वळ राहतो; आणि सुई कापडात टोचून ठेवू नये, पावसाळ्यात गंजाचा ठिपका पडतो.

दुसरी अडचण कचरा. २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हापासून हे शहर कचऱ्याच्या बाबतीत फार हळवं झालं आहे. घरात ओला, सुका, प्लास्टिक असे सहा प्रकार वेगळे करायचे. दोऱ्याची बारीक टोकं यात कुठे? गाडीवाल्याने चिमूट उचलून पाहिली. "सूती है?" म्हटलं, सूती आहे. "फिर तो खाद बन जाएगी, गीले में." मदतनीस म्हणाला, "रंग लगा है, सूखे में." मागे चार गाड्या थांबल्या, गाणं वाजत राहिलं आणि समोरच्या काकूंनी खिडकीतून मत दिलं की हा कचराच नाही, याची उशी भरा. आता मी टोकं एका बरणीत साठवतो. बरणीकडे बघून पाहुणे म्हणतात, "वहिनींना कलेची आवडच आहे."

राजवाडा पुरा झाला. कोमट पाण्यात धुतला, टॉवेलवर पालथा घालून मागून इस्त्री केली आणि फ्रेमवाल्याकडे नेला. आत्याने धारवाडहून बजावलं होतं की काच दोन्ही बाजूंना लाव. मागची बाजू आता दाखवण्याजोगी आहे आणि पुठ्ठ्याखाली ती दडवणं हा अन्याय आहे. फ्रेमवाला म्हणाला, "अंकल, पीछे कौन देखता है?" मी वाद घातला नाही. आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

तिच्या धारवाडी हिंदीतलं त्याला किती कळलं, देव जाणे. थोडा वेळ तो "हाँ जी, हाँ जी" करत होता. मग मान खाली घालून त्याने काउंटरवरची एक तयार फ्रेम उचलली आणि पालथी करून कॅमेऱ्यासमोर धरली. मग दुसरी धरली. तिसरी धरल्यावर त्याने फोन मला परत दिला, स्टुलावर बसला आणि पक्कड घेऊन तिच्या मागचे वाकडे खिळे काढायला लागला.