निळं तळाला का गेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक,

तुमची प्रतिक्रिया सकाळी चहासोबत वाचली. चहा गार झाला. नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे काका म्हणू की ताई ते कळेना, म्हणून नुसतंच 'तुम्ही'.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी घरी बी-५२ कसा करायचा ते लिहिलं होतं, म्हणजे छोट्या ग्लासात तीन लिक्युअर्सचे (गोड, स्वाद घातलेल्या दारूंचे) थर एकावर एक रचलेलं कॉकटेल. तळाला कॉफीचं कलुआ, मध्ये क्रीमवालं बेलीज, वर संत्र्याचं ग्राँ मार्निए, प्रत्येकी १५ मिली, चमच्याच्या पाठीवरून हळूच ओतलेलं. ग्राँ मार्निए महाग पडतं, म्हणून 'ब्लू क्युरासाओ (संत्र्याच्याच चवीचं, पण निळं) वापरलं तरी चालेल' असंही मीच लिहिलं होतं. यांनी ते वापरलं. ते 'दगडासारखं तळाला गेलं' आणि पाहुण्यांसमोर ग्लासात 'रंगाच्या ब्रशचं पाणी' तयार झालं. फार गोड लागतंय म्हणून दुसऱ्या ग्लासात लिंबू पिळलं, तर गुठळ्या झाल्या. शेवटी निष्कर्ष असा की मी स्वतः न करता कुठूनतरी उचलून लिहिते, चमच्याने काहीही होत नाही, आणि थर वगैरे सगळी फोटोपुरती थेरं आहेत.

आधी माझी चूक. मी लिहिलं होतं, 'ज्यात दारूचं प्रमाण जास्त ते वर.' तुम्ही बोट ठेवलंत ते बरोबर जागी ठेवलंत. माझ्या कलुआच्या बाटलीवर २० टक्के लिहिलंय आणि बेलीजवर १७. माझ्याच नियमाने कलुआ वर तरंगायला हवं, आणि मी ते तळाला घालायला सांगत होते! म्हणजे ज्या पेयासाठी नियम सांगितला, त्याच पेयात तो मोडतो, आणि लिहिताना ते माझ्या लक्षात आलं नाही.

दारूमुळे द्रव हलका होतो हे खरं, पण साखर त्याला जड करते, आणि लिक्युअरमध्ये साखर मुबलक असते. या दोघींच्या ओढाताणीत जे शेवटी वजन ठरतं त्यावर थर बसतो. टक्के वाचून अर्धीच गोष्ट कळते. साखर किती ते बाटलीवर बहुधा लिहिलेलंच नसतं.

म्हणून परवा मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणली, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला आणि दहा-दहा करत १०० मिली मोजलं. पहिल्यांदा पाणी. १०० ग्रॅम भरलं, म्हणजे काटा आणि सिरिंज दोन्ही शुद्धीवर आहेत. मग प्रत्येक बाटली. कलुआ ११४ ग्रॅम, बेलीज १०५, ग्राँ मार्निए १०३. (सगळं परत बाटलीत ओतलं. एवढी उधळी नाही मी.) आता बघा, कलुआ आणि बेलीजमध्ये ९ ग्रॅमचं अंतर आहे, तिथे हात जरा हलला तरी निभावतं. पण बेलीज आणि ग्राँ मार्निए यांच्यात फक्त २. बहुतेकांचा बी-५२ फसतो तो या वरच्या रेषेवरच.

आता तुमचं निळं. बाटली पुन्हा हातात घ्या आणि मागची बाजू बघा. दारूचे टक्के कुठेच लिहिलेले नाहीत, हिरवा ठिपका आहे, आणि घटकांमध्ये पहिलं किंवा दुसरं नाव साखरेचं आहे ना? मग ते लिक्युअर नाही, मॉकटेलमध्ये घालतात ते सरबत आहे. आपल्याकडे किराणा दुकानात आणि ऑनलाइन 'ब्लू क्युरासाओ' या नावाखाली बहुतेक वेळा हेच मिळतं. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घेऊन केलेल्या पाकाचे १०० मिली जवळपास १३० ग्रॅम भरतात, आणि ही सरबतं त्याच्याच आसपासची. त्याने बेलीज फोडून, कलुआ फोडून तळ गाठला यात नवल नाही. आणि हेही कबूल करते की खरं दारूचं ब्लू क्युरासाओ आणलं असतंत तरी ते वर राहिलं नसतं. २०-२५ टक्क्यांची गोडमिट्ट संत्रा लिक्युअर्स सहसा बेलीजपेक्षा जड असतात. ट्रिपल सेक या स्वस्त, बिनरंगी संत्रा लिक्युअरचंही तेच. वरच्या थरासाठी ४० टक्क्यांचं संत्रा लिक्युअर हवं, म्हणजे ग्राँ मार्निए किंवा फार तर क्वान्त्रो. 'चालेल' हा शब्द लेखातून काढून टाकला आहे.

लिंबाच्या गुठळ्यांचं मात्र खापर माझ्यावर नको. बेलीजमध्ये खरी साय असते. उकळत्या दुधात लिंबू पिळून पनीर करतो तेच तुम्ही ग्लासात केलंत. गोड वाटलं तर ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. गार पदार्थ कमी गोड लागतो.

'चमच्याने काहीही होत नाही' याबद्दल. कोणता चमचा घेतलात? चहाचा घेतला असेल तर तो शॉट ग्लासात मावतच नाही, तिरका अडकतो आणि द्रव त्याच्या कडेवरून धपकन पडतो. मी मसाल्याच्या डब्यातला हळदीचा चमचा घेते, घासूनपुसून अर्थातच. तो पालथा धरायचा, टोक काचेच्या भिंतीला टेकवायचं, द्रवाच्या अगदी वर, आणि त्याच्या पाठीवर ओतायचं. बेलीजची पहिली धार थोडी कलुआत बुडतेच. तपकिरी ढगासारखी खाली जाते, क्षणभर वाटतं गेलं सगळं, आणि मग ती वळून वर येते आणि पसरते. तिथे घाबरून हात आखडायचा नाही. भरत जाल तसा चमचा वर उचलत न्यायचा. आणि वरच्या नाजूक थरासाठी मी आता चमचा सोडूनच दिला आहे. तीच सिरिंज, तोंड काचेला टेकवून, थेंब-थेंब. १५ मिलीला मिनिटभर लागतं, पण रेष पट्टीने आखल्यासारखी येते. आणि हो, ग्लास भरले की तिथेच प्यायला द्या. ट्रे घेऊन हॉलपर्यंत मिरवत गेलात तर वाटेत दोन ग्रॅमचं अंतर कुठल्या कुठे जातं.

'खरा बी-५२ पेटवतात, तुम्ही भित्र्या आहात,' असंही एक वाक्य होतं. आहे मी भित्री. ४० टक्के दारू पेटते, आपल्या मे महिन्यात तर सहज पेटते. उजेडात ती ज्योत धड दिसत नाही, ग्लासची कड ओठ भाजेल इतकी तापते, प्लॅस्टिकची स्ट्रॉ वितळते, आणि कुणी उत्साहाने पेटत्या ग्लासात बाटलीतून आणखी ओतलं तर आग बाटलीत शिरते. घरी, पडद्यांशेजारी, दोन शॉट झालेल्या माणसांनी हे करावं असं मी लिहिणार नाही.

थर ही फोटोची थेरं आहेत, हे मात्र मान्य नाही. फोटो काढायचा फोन येण्याच्या कितीतरी आधी, १८६२ साली, जेरी थॉमस या अमेरिकन बारमनच्या पुस्तकात 'पूस-कॅफे' या थरांच्या पेयाच्या कृती छापल्या गेल्या आहेत. आणि बी-५२ हे नाव म्हणजे अमेरिकेने त्याच नावाच्या विमानांतून व्हिएतनामवर टाकलेल्या बॉम्बचं कौतुक आहे, असंही तुम्ही लिहिलंत, ते तितकंसं खरं नाही. सर्वसाधारणपणे सांगितली जाते ती हकिगत कॅनडाची. अल्बर्टातल्या बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलात १९७७ साली पीटर फिच या बारटेंडरने तो केला आणि आवडत्या बँडचं नाव दिलं. बँडचं नाव एका उंच फुगवलेल्या केशरचनेवरून, आणि त्या केशरचनेचं नाव विमानाच्या नाकाडावरून. म्हणजे विमान आहेच, पण वळसा घालून.

थरांनी चवीत काही फरक पडत नाही, हे तुमचं अर्धं बरोबर. एका घोटात गेलं तर तोंडात सगळं एकच. तीन घोटांत प्या, म्हणजे आधी संत्र्याचा झणका येतो, मग साय, आणि शेवटी कॉफी जिभेवर रेंगाळते.

'कॉलेजची मुलं वाचतात' म्हणालात. महाराष्ट्रात असल्या दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिटही लागतं. लेखाच्या डोक्यावर ते आता ठळक अक्षरात घातलं आहे.

आणि ते निळं सरबत फेकू नका. मागच्या बाजूला ३३० हा आकडा दिसला तर त्यात सायट्रिक ॲसिड आहे, तेव्हा बेलीजच्या वाटेला जाऊ नका. सरबत तळाला १५ मिली, त्यावर गार व्होडका ३० मिली. व्होडका पाण्याहूनही हलकी, १०० मिलीला ९५ ग्रॅम. इथे अंतर ३५ ग्रॅमचं आहे, चहाचा चमचासुद्धा चालेल. गोव्याहून आणलेली काजू फेणी पडून असेल तर खाली सरबताऐवजी अमृत कोकम घाला आणि वर फेणी. जमलं तर कळवा, नाही जमलं तरी कळवा, पण या वेळी बाटलीच्या मागचं काय लिहिलंय तेही कळवा.